दोन फायली ताडायला वेबसाईट कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात तुमच्या पुरवणीच्या कॉम्प्युटरच्या सदरात दोन टेक्स्ट फायलींतले फरक कसे शोधायचे यावर छोटा लेख आला होता. वाचला, दोन दिवस गप्प बसले, पण राहवेना म्हणून लिहितेय. लेखात उपाय दोनच दिलेत, एक म्हणजे दोन्हींच्या प्रिंट काढून ओळीवर पट्टी ठेवून वाचा आणि दुसरा म्हणजे कुठल्यातरी ऑनलाईन साईटवर दोन्ही फायली चढवा, ती रंग लावून फरक दाखवेल. आणि शेवटी जाता जाता एक वाक्य, की कमांड लाईनवरही (म्हणजे हुकूम टाईप करून) हे होतं पण ते प्रोग्रॅमर लोकांचं काम. मी प्रोग्रॅमर नाही हो. मी मुद्रितं तपासते, आयुष्यभर तेच केलंय, आणि गेली कित्येक वर्षं हे 'प्रोग्रॅमर लोकांचं काम' रोज करतेय, तेव्हा त्या एका वाक्याला उत्तर द्यायचा थोडा हक्क आहे असं समजते.

आधी पट्टीबद्दल. ज्याने कुणी हे सुचवलं त्याने चाळीस पानं तरी अशी ताडून बघावीत. डोळा वाचत नाही, तो ओळखतो. 'करण्यात येईल'च्या जागी 'करण्यात येईन' असेल तरी मेंदू आपला 'येईल'च वाचतो आणि पुढे सरकतो, आणि हे नवख्याचं नाही मुरलेल्याचंच जास्त होतं कारण त्याला मजकूर पाठ झालेला असतो. ताडणं हे खरं तर मशीनचं काम, समजून घेणं माणसाचं, आणि आपण उलटं करत बसतो.

आणि ऑनलाईन साईट! कुणाचं तरी अप्रकाशित हस्तलिखित, कुणाचा करारनामा, कुणाचे तपासणी रिपोर्ट, हे असं अनोळखी सर्व्हरवर टाकायचं? चढवलेली फाईल तिथे किती दिवस राहते ते त्यांनाच माहीत, आणि ते सुद्धा अशा कामासाठी की ज्याची कमांड तुमच्या मशीनमध्ये आधीपासून आहे, इंटरनेट बंद असतानाही चालते आणि फाईल मशीनच्या बाहेर जात नाही.

त्या कमांडचं नाव डिफ. डिफरन्समधलं डिफ. (पेपरात सगळं देवनागरीत लिहितेय, पण टाईप करताना अर्थातच इंग्रजी लहान अक्षरं, आणि मी 'डॅश' म्हणेन तिथे छोटी आडवी रेघ.) लिनक्स आणि मॅकमध्ये टर्मिनल (कमांड टाईप करायची खिडकी) उघडायचं, डिफ लिहायचं, स्पेस, जुन्या फाईलचं नाव, स्पेस, नव्या फाईलचं नाव, एंटर. झालं. आता इथेच पहिल्यांदा वापरणारा घाबरतो, कारण दोन्ही फायली सारख्या असतील तर डिफ काहीच बोलत नाही, नुसतं पुन्हा तुमच्यासमोर कर्सर लुकलुकत बसतो. माझी एक तरुण सहकारी पहिल्या दिवशी म्हणाली, "ताई, चाललंच नाही काही." म्हटलं अगं चाललं, फरकच नाहीये. मौनं सर्वार्थसाधनं म्हणतात ना तसं आहे हे. ज्याला फारच धाकधूक वाटते त्याने डॅश एस लावावं, मग दोन्ही एकसारख्या आहेत असं चक्क वाक्य येतं.

फरक असेल तेव्हा मात्र साध्या डिफचं उत्तर जरा विचित्र दिसतं, '२डी१', '४ए४' असलं काहीतरी. डी म्हणजे ओळ उडाली, ए म्हणजे ओळ वाढली, सी म्हणजे बदलली, आणि अलीकडचा आकडा जुन्या फाईलचा, पलीकडचा नव्या फाईलचा. ही भाषा जुन्या ईडी नावाच्या एडिटरच्या कमांडांवरून आलीय, आणि खरं सांगायचं तर ती शिकायची आज काही गरज नाही. डिफ डॅश यू लिहा. मग उडालेल्या ओळीपुढे वजा, वाढलेल्या ओळीपुढे अधिक, आणि आजूबाजूच्या न बदललेल्या तीन-तीन ओळी संदर्भासाठी. म्हणजे असं:

- सभा सकाळी ११ वाजता सुरू होईल.
+ सभा सकाळी १० वाजता सुरू होईल.

यात प्रोग्रॅमिंग कुठे आलं सांगा. ही मांडणी १९९० मध्ये वेन डेव्हिसन यांनी केली आणि आज जगभर तीच चालते. डिफ स्वतः त्याहून म्हातारं, १९७४ साली युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पाचव्या आवृत्तीबरोबर बाहेर पडलं, अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत डग्लस मॅकिलरॉय यांनी लिहिलेलं, आणि १९७६ मध्ये त्यांनी आणि जेम्स हंट यांनी त्यामागचं गणित कागदावर मांडलं.

ते गणित थोडं सांगतेच, कारण त्याशिवाय डिफ काय बघतं आणि काय बघत नाही ते कळत नाही. आपल्याला वाटतं ते पहिली ओळ पहिलीशी, दुसरी दुसरीशी अशी ताडत असेल. तसं केलं असतं तर वर एक ओळ घुसली की खालची सगळी फाईल 'वेगळी' ठरली असती. ते करतं असं की दोन्ही फायलींत, क्रम न मोडता, जास्तीत जास्त लांब अशी सामाईक ओळींची माळ शोधतं. समजा जुन्या फाईलमध्ये क, ख, ग, घ, च अशा पाच ओळी आहेत आणि नवीत क, ग, घ, छ, च. सामाईक माळ झाली क, ग, घ, च. माळेबाहेर राहिलं ते फरक: जुन्यातला ख उडाला, नव्यात छ आला. बस. (वर ते '२डी१' आणि '४ए४' लिहिलं ना, ते याच उदाहरणाचं उत्तर आहे, जमवून बघा.) ही माळ मोठ्या फायलींतही चटकन कशी शोधायची याची युक्ती १९८६ मध्ये यूजीन मायर्स यांनी दिली, ग्नूचं डिफ (लिनक्सवर असतं ते) आणि गिट (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) दोन्ही मुळात तीच वापरतात.

आता यातून एक गोष्ट निघते. 'क्रम न मोडता' हे डिफचं सगळं भांडवल आहे, म्हणून तुम्ही एखादा परिच्छेद वरून उचलून खाली नेलात तर त्याला 'हलवलं' हे कळत नाही, तो म्हणतो इथून उडाला, तिथे नवीन आला. दुसरं म्हणजे त्याचं माप ओळ. वर्ड प्रोसेसरमधून काढलेल्या मजकुरात अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते, त्यात एक वेलांटी बदलली तरी डिफ अख्खा परिच्छेद वजा करून अख्खा परिच्छेद अधिक करतं आणि मग आपण पुन्हा पट्टी घेऊन बसलो! अशा वेळी गिट कामाला येतं. गिट डिफ, डॅश डॅश नो-इंडेक्स, डॅश डॅश वर्ड-डिफ, मग दोन फायलींची नावं. हे शब्दा-शब्दाने ताडतं आणि उडालेला शब्द चौकटी कंसात, आलेला शब्द महिरपी कंसात दाखवतं. नो-इंडेक्स म्हणजे या फायली गिटच्या कुठल्या रिपॉझिटरीत (त्याच्या आवृत्त्यांच्या कपाटात) नाहीत, अशाच पडलेल्या आहेत. गिट हे लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये लिहिलं ते वेगळ्याच मोठ्या कामासाठी, पण माझ्यासारखीला एवढ्या एका कामापुरतं घालून ठेवलं तरी पैसे वसूल, आणि ते फुकटच आहे.

वर्डची डॉक्स फाईल थेट डिफला देऊ नका हेही सांगायला हवं. ती टेक्स्ट फाईल नसतेच, आतून ती झिप असते, त्यामुळे डिफ एवढंच म्हणतं की या बायनरी फायली वेगळ्या आहेत. आधी साधा मजकूर म्हणून सेव्ह करा, मग ताडा.

पण खरा घोळ पुढे आहे, आणि त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं असतं तर डोक्यावरचे काही केस वाचले असते. होतं काय की दोन फायली डोळ्यांना शंभर टक्के सारख्या दिसतात आणि डिफ म्हणतं प्रत्येक ओळ वेगळी. लोक इथे डिफला शिव्या घालून सोडून देतात. डिफ बरोबर असतं. आपण बघतो ती अक्षरं, ते बघतं त्यामागचे आकडे.

सगळ्यात नेहमीचं कारण ओळीच्या शेवटाचं. विंडोजमध्ये ओळ संपली की दोन न दिसणारी चिन्हं पडतात, कॅरेज रिटर्न आणि लाईन फीड, आणि लिनक्स-मॅकमध्ये एकच, नुसतं लाईन फीड. हे टेलिप्रिंटरच्या काळातलं, गाडा डावीकडे न्यायची खूण वेगळी आणि कागद वर सरकवायची वेगळी. गाडा गेला, कागद गेला, खूण राहिली. एक फाईल विंडोजवर सेव्ह झाली आणि एक लिनक्सवर, की प्रत्येक ओळीला शेपूट वेगळं. ग्नूच्या डिफला डॅश डॅश स्ट्रिप-ट्रेलिंग-सीआर असं लांबलचक सांगितलं की ते शेपटाकडे दुर्लक्ष करतं. ओळीअखेर चुकून पडलेल्या स्पेसांसाठी आणि दोनाऐवजी एक स्पेस असल्या भानगडींसाठी डॅश बी. सगळ्याच स्पेसांकडे काणाडोळा करायचा तर डॅश डब्ल्यू, पण जपून, मुद्रितशोधनात 'न जाणे' आणि 'नजाणे' एकच ठरवून चालत नाही. नुसत्या रिकाम्या ओळी डॅश कॅपिटल बी.

फक्त पहिलीच ओळ वेगळी येतेय आणि दिसायला काही फरक नाही? मग बहुतेक एका फाईलच्या तोंडाशी बीओएम नावाची तीन बाइटची अदृश्य खूण आहे, काही विंडोज प्रोग्रॅम यूटीएफ-८ (मजकूर साठवायची हल्लीची नेहमीची पद्धत) मध्ये सेव्ह करताना ती घालतात.

आणि मग आपली देवनागरी! यावर एक वेगळा लेख तुमच्या सदरात यायला हवा. 'दुसऱ्या' हा शब्द घ्या. त्यातला अर्धा, आडवा र, ज्याला आपण पापणीसारखा र म्हणतो, तो दोन तऱ्हांनी टाईप होतो. एक, नुक्तावाला ऱ घेऊन त्याला हलंत जोडून. दोन, साधा र, हलंत आणि त्यानंतर एक झेडडब्ल्यूजे नावाचं अदृश्य जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही हुबेहूब एक. कागदावर एक. वाचायला एक. डिफसाठी दोन वेगळे शब्द, आणि खरंच वेगळे आहेत. तसंच 'ॲ'चं. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांना आकडे देणाऱ्या जागतिक पद्धतीत, २००८ पासून त्याला स्वतःचं एक अक्षर आहे, पण त्याआधीच्या सवयीने कितीतरी लोक अजूनही अ वर चंद्र ठेवून लिहितात, आणि कीबोर्डही दोन्ही प्रकारचे आहेत. मी एकदा एका शब्दसूचीच्या दोन प्रती ताडल्या तर शेकड्याने फरक, बघते तर 'तुमचा ऱ्या, आमचा ऱ्या'ची ही गंमत, खरा मजकुरातला फरक मूठभर. यावर डिफकडे ऑप्शन नाही. आधी दोन्ही फायलींत शोधा-आणि-बदला करून एक पद्धत ठरवायची, मूळ फाईलवर नाही तर तिच्या कॉपीवर, आणि मग डिफ. तुमच्या वर्तमानपत्रात दोन उपसंपादक दोन कीबोर्ड वापरत असतील तर तुमच्याच संग्रहात 'दुसऱ्या' शोधल्यावर अर्धेच लेख सापडत असतील, बघा करून.

मजकुराऐवजी नुसत्या याद्या असतील, सभासदांची यादी, शब्दांची यादी, जिथे क्रमाला अर्थ नाही, तिथे डिफ नाही तर कॉम वापरायचं, कॉमनमधलं कॉम. ते तीन रकाने काढतं, फक्त पहिलीत असलेलं, फक्त दुसरीत असलेलं आणि दोन्हींत असलेलं, आणि जो रकाना नको त्याचा आकडा डॅश लावून द्यायचा. म्हणजे कॉम डॅश १२ दिलं की पहिला आणि दुसरा रकाना गायब, उरलं ते सामाईक. डॅश २३ दिलं की फक्त पहिल्या यादीतलेच. थोडं उलटं आहे, 'काय हवं' ऐवजी 'काय नको', पण होते सवय. अट एकच, दोन्ही याद्या आधी सॉर्ट केलेल्या हव्यात आणि एकाच पद्धतीने सॉर्ट केलेल्या हव्यात. माझी पद्धत म्हणजे आधी एलसी, अंडरस्कोर, ऑल, बरोबरचं चिन्ह, सी (इथे मात्र कॅपिटल अक्षरं) असं सांगून मग सॉर्ट आणि त्याच अवस्थेत कॉम, म्हणजे दोघं शुद्ध बाइटच्या क्रमाने चालतात आणि वाद होत नाही. हा क्रम छापायला मात्र कामाचा नाही हं. त्यात ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेसारखा ह नंतर नाही, आणि 'क्षमा' हा 'कौतुक' नंतर, क च्याच घरात, कारण युनिकोडला क्ष म्हणजे क, हलंत, ष. ताडण्यापुरता ठीक, कोशासाठी नाही.

इथे एक कबुली. सॉर्टच्या नादात मी एकदा अख्खी यादी घालवलीय. सॉर्ट, यादीचं नाव, मग 'पेक्षा मोठं'चं ते बाणासारखं चिन्ह आणि पुन्हा त्याच यादीचं नाव, म्हटलं सॉर्ट होऊन तिथेच सेव्ह होईल. एंटर मारला, फाईल उघडली, शून्य. एकही ओळ नाही. कारण बाण दिसला की शेल (आपण टाईप केलेल्या कमांडा चालवणारा प्रोग्रॅम) आधी ती फाईल रिकामी करतो आणि मग सॉर्टला बोलावतो, सॉर्ट बिचारं रिकामी फाईल सॉर्ट करून रिकामीच परत देतं आणि एरर तरी कशाला देईल, त्याने काम चोख केलेलं असतं. तीन आठवड्यांची यादी. सुदैवाने जुनी प्रत एका मेलमध्ये पडली होती. त्यासाठी सॉर्टला डॅश ओ आहे, ओ म्हणजे आउटपुट, तिथे त्याच फाईलचं नाव दिलं तरी चालतं कारण ते आधी सगळं वाचून घेतं.

कॅट नावाच्या कमांडने दोन फायली एकापुढे एक चिकटवतानाही एक बारीक खोच आहे, पहिल्या फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर दिलेला नसेल तर दुसरीची पहिली ओळ तिलाच येऊन चिकटते. दोन नावांचं एक नाव होतं. डिफ 'नो न्यूलाईन ॲट एंड ऑफ फाईल' असं कुरकुरतं ते यासाठीच, आपण त्याला उगाच बारकावे काढणारा म्हणतो.

आता मर्ज, म्हणजे दोन फायलींची एक करणं, ज्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले. तुमच्या लेखात शेवटी असं आहे की फरक दिसले की 'दोन्हींतलं योग्य ते घेऊन एक फाईल बनवा'. किती सहज लिहिलंय. योग्य ते कुठलं हे कुणी ठरवायचं? माझ्या फाईलमध्ये एक ओळ आहे आणि सहकाऱ्याच्या फाईलमध्ये नाही. आता मी ती नवीन घातली, की त्याने ती काढून टाकली? दोन फायली समोर ठेवून याचं उत्तर मिळूच शकत नाही, कितीही रंग लावले तरी. कॉम्प्युटरला तर नाहीच, मलाही नाही, सहकाऱ्याला फोन केल्याशिवाय. हवी असते तिसरी फाईल, आम्ही दोघांनी जिथून सुरुवात केली ती मूळ प्रत. मुळात ती ओळ होती, तर त्याने काढलीय. मुळात नव्हती, तर मी घातलीय. संपला प्रश्न.

आणि लोक नेमकी तीच फेकून देतात! 'आता नवीन आहेत ना दोन, जुनी कशाला' म्हणून डिलीट. माझ्याकडे काम येतं तेव्हा मी पहिला प्रश्न हाच विचारते, तुम्ही दोघांनी काम सुरू केलं त्या दिवशीची फाईल आहे का, आणि दहातल्या आठ वेळा समोरचा 'ती कशाला हवी' असा चेहरा करतो.

मूळ प्रत असली की मग काम मशीनचं. डिफ३ नावाची कमांड आहे, १९७९ च्या सातव्या युनिक्समध्येही होती, ती तीन फायली घेते, माझी, मूळ, तुझी, याच क्रमाने, मूळ मध्ये. डॅश एम दिलं की मर्ज केलेला मजकूर बाहेर येतो. किंवा गिट असेल तर गिट मर्ज-फाईल, तिथेही तोच क्रम, आणि हीसुद्धा रिपॉझिटरीशिवाय चालते. पण एक सावधानता, गिट मर्ज-फाईल निकाल थेट तुमच्या पहिल्या फाईलमध्येच लिहून मोकळी होते, विचारत नाही. डॅश पी दिलं तर स्क्रीनवर दाखवते आणि फाईलला हात लावत नाही. पहिल्यांदा करणाऱ्याने डॅश पी विसरू नये, आणि कॉपी काढून ठेवावीच, मी अजूनही काढते.

तर्क सरळ आहे. मुळापासून फक्त माझ्यात बदललं ते माझं घे, फक्त त्याच्यात बदललं ते त्याचं घे, दोघांनी सारखंच बदललं तर गिट ते एकदाच घेतं. आणि एकाच जागी दोघांनी वेगवेगळं बदललं तर, इथे मशीनचा प्रामाणिकपणा मला फार आवडतो, ते अंदाज करत नाही. त्या जागी सात बाण, माझा मजकूर, सात बरोबरची चिन्हं, त्याचा मजकूर, पुन्हा सात उलटे बाण, असं लिहून ठेवतं की इथे तुमचं तुम्ही बघा. याला कॉन्फ्लिक्ट म्हणतात आणि नाव ऐकून लोक उगाच दचकतात, भांडण वगैरे काही झालेलं नसतं. गिटमध्ये तर दोघांनी अगदी लागून असलेल्या दोन वेगळ्या ओळी बदलल्या तरी ते विचारतं. डॅश डॅश डिफ३ असं सांगितलं तर मधे मूळ मजकूरही छापतं, आणि तो दिसला की निम्मे कॉन्फ्लिक्ट आपोआप सुटतात, कारण कळतं की त्याने नुसता अनुस्वार दिलाय आणि मी वाक्य बदललंय, तर दोन्ही घेऊ. काम संपल्यावर ग्रेप या शोधायच्या कमांडने ते सात बाण फाईलमध्ये कुठे राहिलेत का ते एकदा शोधायचंच. एका अहवालात ते तसेच छापायला गेलेले मी पाहिलेत. लेखकाने मला विचारलं की ही नक्षी कुणी टाकली.

आणि कॉन्फ्लिक्ट आला नाही म्हणजे मर्ज बरोबर झालं असंही नाही, हे प्रोग्रॅमर मंडळी सुद्धा विसरतात. मी तिसऱ्या पानावर 'पाच सदस्यांची समिती'चं 'सहा सदस्यांची' केलं, सहकाऱ्याने सातव्या पानावरच्या यादीतून एक नाव काढलं. ओळी वेगळ्या, पानं वेगळी, मशीन आनंदाने दोन्ही घेतं, मर्ज एकदम स्वच्छ, आणि आता समिती सहा जणांची आणि नावं चार. म्हणून मर्जनंतर पुन्हा डिफ, यावेळी मूळ आणि मर्ज झालेली, आणि तो फरक सावकाश, चहा संपेपर्यंत, माणसाने वाचायचा. ते वाचणं कुठलीच कमांड करून देत नाही.

अजून एक सोय सांगते आणि आवरतं घेते. अख्खी फाईल पाठवण्याऐवजी नुसते फरक पाठवता येतात. डिफ डॅश यू चं उत्तर एका फाईलमध्ये सेव्ह करायचं, समोरच्याने ते पॅच नावाच्या कमांडला दिलं की त्याच्या प्रतीत तेवढेच बदल होतात. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी ती लिहिली. मधल्या काळात त्याच्या फाईलमध्ये वर दहा ओळी वाढल्या असतील तरी पॅच आजूबाजूच्या ओळींवरून जागा शोधतं, आणि नाहीच सापडली तर तो तुकडा वेगळ्या रिजेक्ट फाईलमध्ये काढून ठेवतं. डॅश डॅश ड्राय-रन ने आधी रंगीत तालीमही होते, आणि डॅश कॅपिटल आर ने केलेलं उलटवता येतं.

विंडोजवाल्यांनी रुसू नये. तिथे डॉसच्या काळापासून एफसी आहे, फाईल कंपेअर, किरकोळ कामाला चालतं, डॅशऐवजी तिरकी रेघ देऊन एन लिहिलं की ओळींचे नंबरही येतात. मात्र पॉवरशेलमध्ये (विंडोजची दुसरी कमांड खिडकी) नुसतं एफसी टाईप केलंत तर ते भलतंच काहीतरी असतं, तिथे एफसी डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहावं लागतं, आणि तिथलं डिफ हे सुद्धा आपलं डिफ नव्हे, नावापुरतं तेच. सोपा मार्ग म्हणजे गिट बसवायचं, त्याच्यासोबत बॅश (लिनक्ससारखी कमांड खिडकी) येतं आणि वरच्या बहुतेक कमांडा तिथे तशाच चालतात.

तर संपादक महोदय, विनंती इतकीच आहे की पुढच्या पुरवणीत त्या सदरात दोन ओळींची दुरुस्ती छापा. एक, फायली अनोळखी साईटवर चढवण्याचा सल्ला मागे घ्या. दोन, 'दोन्हींतलं योग्य ते घ्या' याच्या आधी 'मूळ प्रत जपून ठेवा' हे तीन-चार शब्द घाला. आणि छापण्याआधी माझं हे पत्र तुम्ही संपादित कराल, कापाल, ते तुमचं कामच आहे, पण जमलं तर कापलेली प्रत मला पाठवा, माझ्याकडे मूळ आहे, मी डिफ लावून बघेन.

आपली,
एक मुद्रितशोधक वाचक